दीडशेतली एक

खरं काय आणि खोटं काय हे सांगण्याचा पगार मला गेली सव्वीस वर्षं मिळतो आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्र पडताळणी विभागात मी मुख्य लिपिक आहे. नोकरीला लागणाऱ्या उमेदवारांची गुणपत्रकं आमच्याकडे येतात आणि ती अस्सल की बनावट हे मी ठरवतो. सहीचा शेवटचा फटकारा बघून मी सांगू शकतो की ही सही साहेबांची आहे की साहेबांच्या मेहुण्याची. या कामामुळे खात्यात माझा दबदबा आहे. घरात नाही. "बनावट सही ओळखतात, पण यांनी आणलेलं टरबूज आतून पांढरंफटक निघतं," असं माझी बायको कुणाहीसमोर सांगते. टरबुजावर सही नसते, हा माझा मुद्दा तिने आजवर विचारात घेतलेला नाही.

म्हणूनच मावशीचा फोन आला आणि ती म्हणाली, "अरे, तू खरं-खोटं बघणारा माणूस. उद्या ये, एका गोष्टीचा निकाल लावायचाय," तेव्हा बायको शेजारीच उभी होती याचा मला मनापासून आनंद झाला. मी फोन मुद्दाम जरा लांब धरला होता.

ती गोष्ट म्हणजे काकांची, मावशीच्या यजमानांची, गाडी. काकांना जाऊन आठ महिने झाले होते आणि मावशीने गाडी विकायला काढली होती. गाडी साधीसुधी नव्हे. कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीने त्या वर्षी फक्त दीडशे गाड्या वेगळ्या काढल्या होत्या. बाटलीचा हिरवा रंग, दुहेरी शिलाईच्या गाद्या, आणि समोर घड्याळाशेजारी पितळेची छोटी पट्टी. त्या पट्टीवर क्रमांक, म्हणजे दीडशेपैकी ही कितवी. अर्ज हजारोंनी आले, सोडत निघाली, सोडतीत काकांचं नाव लागलं, आणि लागलं तेही असं की हाती आलेली गाडी दीडशेतली पहिलीच. नंबर एक. हे सगळं काका सांगत.

आता 'काका सांगत' हे दोन शब्द आमच्या नात्यात कुणी सरळपणे घेत नाही. काका औषध कंपनीचे फिरते विक्रेते होते. त्यांनी एका बुद्धिबळपटूला अकरा चालींत हरवलं होतं. त्यांच्यासाठी धावपट्टीवर निघालेलं विमान मागे फिरलं होतं. त्यांचं हृदय उजवीकडे आहे असं एका मोठ्या डॉक्टरने त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मावशीच्या इमारतीचे सेक्रेटरी त्यांना तोंडावर 'थापाधिपती' म्हणत आणि काका ती पदवी हसत हसत घेत. गाडीचा विषय निघाला की मावशी स्वतःच म्हणायची, "पुरे हो! नंबर एक म्हणे. कुणीतरी हिरवा रंग फासून तुमच्या गळ्यात मारलीय." बत्तीस वर्षं ती हे म्हणत आली होती.

गाडी बघायला जे गिऱ्हाईक आलं ते दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अशा जुन्या सात गाड्या होत्या. त्यांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि गाडीच्या कानाकोपऱ्यात घालून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, पट्टी कोरी आहे. त्या काळी साध्या गाडीला हिरवा रंग मारून पुष्कळांनी मिरवल्यात. ही अस्सल आहे असं सिद्ध करा, आठवड्यात घेऊन जातो."

"नाहीतर साधी गाडी म्हणून विकून टाक," दुसऱ्या दिवशी हे सगळं ऐकून मी मावशीला म्हणालो.

"विकायचं मला कळतं रे," मावशी म्हणाली. तिने चहाचा कप बशीत ठेवला तो जरा जोरात. "मला हे कळायला हवंय की बत्तीस वर्षं हे माझ्याशी खोटं बोलले, की मी ह्यांना उगाच खोटं पाडत राहिले. एकदा गाडी गेली की कळायचं नाही."

वेळ फारसा नव्हता. त्या गाडीच्या जागेवर इमारतीच्या पाण्याची नवी टाकी येणार होती आणि महिनाअखेर जागा मोकळी करावी अशी सेक्रेटरींची नोटीस जिन्यात लागली होती. मी मावशीला सांगितलं की हातात घेतलेली फाईल मी कधी अर्धवट सोडलेली नाही. हे खरं आहे. ती मिटायला कधीकधी तीन वर्षं लागतात, एवढंच.

मी सर्वप्रथम पट्टी पाहिली. गुळगुळीत, लखलखीत. तिच्यात मला माझा चेहरा स्पष्ट दिसला, आकडा मात्र कुठेच दिसला नाही.

"मावशी, यावर नंबर असायला हवा ना?"

मावशी खिडकीकडे बघायला लागली. "पितळ आहे ते. पितळ घासायला नको?"

"कधी घासायचीस?"

"शनिवारी. दर शनिवारी. गाडी आली तेव्हापासून."

"अगं, मग आकडा पुसट होत चाललाय हे कळलं नाही?"

"मला वाटलं, डाग निघतोय."

मी पट्टीकडे पुन्हा एकदा पाहिलं. माझ्या नोकरीत मी खाडाखोड पाहिली आहे, पांढरी शाई पाहिली आहे, उंदरांनी खाल्लेली गुणपत्रकं पाहिली आहेत. पण पुरावा इतक्या निष्ठेने नष्ट केलेला मी कधी पाहिला नव्हता. पहिल्या शनिवारी तिथे काय होतं, हे मावशीला आठवत नव्हतं. "ह्यांच्यावर विश्वासच नव्हता, तर कशाला वाचू?" ती म्हणाली.

पट्टी गेली, तर चेसिस नंबर आहेच. प्रत्येक गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर तो ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात. तो कागद नोंदणी कार्यालयात नेला की जुनी नोंद निघते. हे मला आमच्या शिपायाने समजावून सांगितलं होतं. मी रविवारी सकाळी जुनी पँट घालून मावशीकडे गेलो आणि गाडीखाली शिरायच्या बेतात होतो, तेवढ्यात सेक्रेटरी आले.

काही माणसांना सल्ला देताना पाहिलं की वाटतं, यांना यासाठी जन्मच वेगळा दिला असावा. "भाचेबुवा, असं थेट शिरू नका. जॅक लावा," ते म्हणाले. मी जॅक लावला. "फार चढवलात. उतरवा." मी उतरवला. "आता डोकं आधी की पाय आधी?" याचा मी विचार केला नव्हता. तोवर पहिल्या मजल्यावरून कुणीतरी खुर्ची घेऊन खाली आलं होतं आणि एका आजोबांनी, जे कुणाचे होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, डोकं आधी असा निर्णय दिला. मी डोकं आधी घातलं. आत अंधार होता, तेलाचा वास होता, आणि माझ्या पोटाचा घेर व गाडीची उंची यांचा मेळ बसत नव्हता. चाचपडता चाचपडता लोखंडावर कोरलेले आकडे हाताला लागले. मी कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी उठून बसायला गेलो.

कपाळावर टेंगूळ आलं ते एक वेळ चाललं असतं. पण बाहेर येताना पँट कशात तरी अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. बाहेर चर्चा सुरू झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, पाय धरून ओढावं. आजोबांचं म्हणणं, पँट तिथेच सोडून माणसाने यावं. मी माझं मत सांगत होतो, पण माझा आवाज बाहेर येत नसावा. शेवटी मावशीने वाकून कात्रीने पँटचा पाय कापला आणि मला मोकळं केलं. मी एका पायाने पूर्ण आणि एका पायाने अर्धा असा उभा राहिलो. हातात मात्र कागद होता.

"थापाधिपतींची गाडी आहे," सेक्रेटरी जमलेल्यांना म्हणाले. "चेसिस नंबरही फुगवून सांगेल."

सगळे हसले. मावशी हसली नाही. आठ महिन्यांपूर्वी ती हसली असती.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी वाहन नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक चारवर चष्मा कपाळावर सरकवलेले एक लिपिक बसले होते. मी ओळख करून दिली, म्हणजे मीही या बाजूचा नव्हे, त्या बाजूचा माणूस आहे हे सूचित केलं. त्यांच्यावर परिणाम झाला नाही. त्यांनी माझा कागद उलटसुलट केला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि विचारलं, "हा कशाचा नंबर आहे?"

"गाडीचा. चेसिस नंबर."

"खाली काय लिहिलंय वाचा."

मी वाचलं. आकड्यांच्या खाली, मीच घासून उमटवलेल्या स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'कमाल वजन दीड टन'.

मी जॅकचा नंबर आणला होता. सव्वीस वर्षं ज्याने लोकांना 'कागद नीट वाचून आणत जा' असं सुनावलं, त्याच्यावर ही वेळ यावी. रांगेतला माझ्या मागचा माणूस मान लांब करून बघत होता. लिपिक मात्र सज्जन होते. "गाडीखाली जायची गरजच नसते हो," ते म्हणाले. "बॉनेट उघडा. उजव्या हाताला पत्र्यावर असतो. उभ्याउभ्या दिसतो."

दुसऱ्या दिवशी मी उभ्याउभ्या नंबर उतरवला आणि पुन्हा खिडकीवर गेलो. त्यांनी कपाटावरून एक भलंमोठं रजिस्टर काढलं, त्यावरची धूळ माझ्या दिशेने झटकली आणि पान काढलं. नोंद होती! काकांचं नाव होतं, चेसिस नंबर होता, तारीख होती. खास आवृत्तीचा उल्लेख नव्हता, कारण त्या रजिस्टरात तसा रकानाच नव्हता. रंगाचा होता.

"रंग पांढरा," लिपिक म्हणाले.

"गाडी हिरवी आहे."

"मग परवानगीशिवाय रंग बदललाय. दंड भरावा लागेल."

मी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. माझी नजर अशा ठिकाणी बरोबर जाते. पानावर चौदा वाहनं होती. पहिल्या ओळीत 'पांढरा' असं लिहिलं होतं आणि त्याखाली तेरा ओळींत नुसत्या दोन छोट्या रेघा, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. त्या दिवशी ज्याने नोंदी केल्या त्याला जेवायला जायची घाई असावी.

"साहेब, ही नववी ओळ बघा," मी म्हणालो. "अग्निशमन दलाचा बंब आहे. तोही पांढरा?"

त्यांनी ओळ पाहिली. "असेल."

"अहो, आगीचा बंब पांढरा असतो का?"

"आम्ही कागद बघतो," ते शांतपणे म्हणाले. "रंग बघत नाही."

हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं. ज्या मुलाचं नाव गुणपत्रकात चुकून भलतंच छापलं गेलं आणि जो माझ्या खिडकीसमोर 'अहो, मी समोर उभा आहे ना' म्हणत होता, त्याला मी हेच म्हणालो होतो, 'आम्ही कागद बघतो.' तो मुलगा पुढे चार वेळा आला होता. मला त्याचा चेहरा आठवेना, पण त्याचा आवाज आठवला.

दंडाचं प्रकरण त्यांनी आपणहून सोडून दिलं. बंबालाही दंड लावावा लागला असता. नोंदीची नक्कल त्यांनी दिली, पण तिचा उपयोग काही नव्हता. गाडी काकांची आहे एवढंच तिच्यावरून सिद्ध होत होतं, आणि त्याबद्दल कुणाची शंका नव्हती.

मग मी कंपनीला पत्र लिहिलं. मसुदा तीन वेळा केला. उत्तर चटकन आलं. आमच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे, नव्या गाडीची पहिली देखभाल मोफत आहे. मी दुसरं पत्र लिहिलं, त्यात 'बत्तीस वर्षं' हे शब्द अधोरेखित केले. उत्तर आलं, आपल्याला झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत. तिसऱ्यांदा मी फोन केला. तो एका विभागातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरत राहिला आणि शेवटी एका बाईंनी सांगितलं की इतकी जुनी कागदपत्रं कारखाना हलवताना रद्दीत गेली.

"झालं ना समाधान?" बायको म्हणाली. "आता मावशींना सांगा आणि मोकळे व्हा. नाहीतरी कपाळ फुटलं, पँट गेली, दोन रजा गेल्या."

तिचं खोटं नव्हतं. पण मला मावशीचा तो कप आठवत होता. आणि दुसरं म्हणजे, माझा अपमान जॅकने केला होता. एका जॅककडून हार घेऊन गप्प बसणं मला शक्य नव्हतं. त्या रात्री, रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत मी विचार केला, आणि ताक पिताना मला सुचलं. कुठल्याही संस्थेत सगळे कागद रद्दीत जातात, पण निवृत्तिवेतनाचे जात नाहीत. कारण ते गेले की दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहतात. त्या वर्षी गाद्या कुणी शिवल्या, हे निवृत्तिवेतन विभागाला ठाऊक असणारच!

मी सकाळी त्या विभागाचाच नंबर मागितला. पलीकडच्या लिपिकाला मी माझं पद सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडेही पडताळणी असते हो, हयातीची. माणूस जिवंत आहे का ते बघतो." आम्ही पाच मिनिटं एकमेकांच्या दुःखाबद्दल बोललो. मग त्याने मला एका निवृत्त मिस्त्रींचा पत्ता दिला. शिवणखात्याचे प्रमुख, वय एकोणऐंशी, नोव्हेंबरपर्यंत निश्चित जिवंत.

मिस्त्री आले ते महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. मी त्यांना रिक्षातून आणलं. डॉक्टरांनाही बोलावलं होतं आणि ते आपला आरसा घेऊन आले होते. सेक्रेटरींना कुणी बोलावलं नव्हतं, पण टाकीच्या जागेचं माप घ्यायचं निमित्त काढून ते टेप घेऊन अवतीभवती फिरत होते. मावशीने धुतलेली साडी नेसली होती.

मिस्त्री सावकाश गाडीत बसले. त्यांनी डोळे मिटले आणि गादीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग डोळे उघडून म्हणाले, "ही माझी शिलाई नाही."

सेक्रेटरींनी टेप मिटवली. मावशीने पदराने गाडीच्या दारावरची धूळ पुसली, जी तिथे नव्हतीच.

"एकदा नीट बघा ना," मी मिस्त्रींना म्हणालो.

"माझी असती तर हाताला कळली असती, साहेब. हे तर कुणी घरगुती शिवलंय."

"घरगुतीच आहे," मावशी एकदम म्हणाली. "मी शिवलंय. ते कव्हर आहे."

ते कव्हर होतं! गाद्या खराब होऊ नयेत म्हणून मावशीने कव्हर घातलं होतं. मी ते उसवून काढलं. खाली दुसरं कव्हर निघालं, फुलाफुलांचं. "ते पहिलं खराब होऊ नये म्हणून," मावशी म्हणाली. त्याखाली तिसरं, जाड प्लास्टिकचं. "हे गाडीबरोबर दुकानातनंच आलं होतं. काढायला जीव होईना." बत्तीस वर्षांत त्या गाद्यांवर एकही माणूस प्रत्यक्ष बसला नव्हता. प्लास्टिक काढलं आणि खाली कालच शिवल्यासारखी करडी गादी दिसली. मिस्त्रींनी अंगठा टेकला मात्र, त्यांचा चेहरा बदलला.

"ही माझी," ते म्हणाले. "दोन धागे, एक गाठ आत. ही माझीच."

"शिलाई मागाहूनही आणून बसवता येते," डॉक्टर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचं कामच पोकळ काय ते शोधण्याचं. "दुसऱ्या अस्सल गाडीच्या गाद्या यात टाकल्या असतील."

"तर गादीत नंबर बघा," मिस्त्री म्हणाले. "गाद्या आम्ही एका शेडमध्ये शिवायचो, गाड्या दुसऱ्या शेडमध्ये. अदलाबदल नको म्हणून मागच्या गादीच्या आत, अस्तरावर, गाडीचा नंबर लिहायचो. पट्टीवरचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे, दोन्ही. चेसिसचा जुळला तर गादी याच गाडीची."

"पण त्यासाठी ही शिलाई उसवावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "बाई, विचार करा. अशी न उघडलेली मूळ गादी दुर्मिळ असते. मी तिच्यासाठी गाडी घ्यायला तयार आहे, थोडी शंका ठेवून. उसवलीत आणि आत काही नसलं, तर मात्र मला यात रस उरणार नाही."

म्हणजे न उघडता गाडी जात होती. चांगली जात होती. मी मावशीकडे पाहिलं. सल्ला द्यायला मी तोंड उघडलंही होतं, पण ती वर गेली होती. परत आली ती कात्री घेऊनच, तीच, माझ्या पँटची.

"मला शंका ठेवून नको," ती म्हणाली. "कुठे कापू?"

मिस्त्रींनी दाखवलं. तिने एकेक टाका कापला. वीतभर फट झाली तसा डॉक्टरांनी आरसा आत सरकवला, टॉर्च धरला आणि वाकले. ते बराच वेळ वाकून राहिले. मग कण्हल्यासारखे म्हणाले, "आहे."

चेसिसचे शेवटचे चार आकडे मी त्यांना न सांगता त्यांच्याकडून वाचून घेतले, कारण पडताळणीचा नियमच तसा आहे. ते जुळले. चारही. मी मावशीचा हात धरला. गाडी खरी होती. रंग खरा होता, सोडत खरी होती, दीडशे खरे होते.

"आणि पट्टीचा नंबर?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांनी आरसा तिरका केला. "एकशे बारा."

मला खाली बघावंसं वाटलं. एवढी सगळी धडपड करून मी मावशीला काय आणून दिलं, तर काकांची आणखी एक थाप, शिक्क्यासह. मावशीच्या तोंडून काहीतरी आवाज आला आणि मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. गाडीच्या दाराला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"एकशे बारा!" ती म्हणाली. "अरे, गाडी खरी होती रे. दीडशे गाड्या, हजारो माणसं, आणि ह्यांचं नाव खरोखर निघालं होतं. एवढं पुरे होतं की नाही? पण ह्यांना तेवढ्यानं भागेना!" मग ती खरीच रडायला लागली. "मला वाटायचं सगळंच खोटं. मी एकदासुद्धा बरोबर बसून म्हणाले नाही की छान आहे हो तुमची गाडी." मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. जी शिलाई उसवली ती त्यांनी तिथेच बसून परत घातली, दोन धागे, एक गाठ आत.

दाखला मी लिहिला. क्रमांक एकशे बारा, अस्सल, खाली मिस्त्रींची सही, प्रत डॉक्टरांना. माझ्या हातून इतका स्वच्छ कागद क्वचित झाला असेल. डॉक्टर खूश होते. नंबर कितवा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, अस्सल असण्याशी होतं.

रविवारी सकाळी ते गाडी न्यायला आले तेव्हा निम्मी इमारत खाली जमली होती. पहिल्या मजल्यावरची खुर्ची आली होती, ते आजोबाही होते. आदल्या दिवशी गादी उसवेपर्यंत सेक्रेटरी कंटाळून निघून गेले होते, त्यामुळे त्यांना निकाल कळलेला नव्हता. ते टेप घेऊन टाकीच्या जागेपाशी उभेच होते.

"काय वहिनी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "लागला का निकाल? आमच्या थापाधिपतींची गाडी कितवी निघाली?"

मावशीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "पहिली. नंबर एक."

कुणीतरी हसलं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "भाचेबुवा, तुम्ही पडताळणी खात्याचे. तुम्ही सांगा. खरं का?"

दाखल्याची माझी प्रत माझ्या शर्टाच्या खिशात होती. डॉक्टर गाडीत बसून काचेवरचा कसलासा न दिसणारा डाग मन लावून पुसत होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मावशी मात्र बघत नव्हती. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही खोटा कागद गेलेला नाही, आणि तोंडूनही नाही.

"नंबर एक," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलाय."

गाडी सुरू झाली. सेक्रेटरींनी टेप खिशात घातली आणि बराच वेळ त्या हिरव्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ते खरं बोलायचे?"

"नेहमीच," मावशी म्हणाली, आणि जिना चढायला लागली.